तासाला सव्वाशे

कोडोलीत आकाराम गुळव्याचं घर विचारलं तर अंगणवाडीतलं पोरही बोट करून दाखवेल. गुऱ्हाळात उसाचा रस काईलीत, म्हणजे त्या परातीसारख्या पसरट भल्यामोठ्या कढईत, उकळतात आणि त्याचा गूळ करतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती काईल चुलीवरनं नेमकी कधी उतरायची हे सांगणारा माणूस एकच असतो, आणि तो गुळव्या. दोन मिनिटं आधी उतरली तर गूळ चिकट राहतो, दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो. आकारामचा हात एवढा बसलेला की पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळायची, आणि म्हणायचा, "उतरा." बत्तीस वर्षांत त्यानं "उतरा" म्हटलं आणि गूळ बिघडला असं तीनदाच झालं, आणि त्यातल्या दोनदा चूक जाळ घालणाऱ्याची होती. तिसऱ्या वेळेचं त्याच्यापुढं कुणी काढत नाही.

एका काईलीचा गूळ म्हणजे एक आधण. आकारामला आधणामागं तीनशे रुपये मिळायचे. गुऱ्हाळ जोतीरामचं, दोघं एका वर्गातले, चौथीत एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. दर दसऱ्याच्या सकाळी जोतीराम त्याला नारळ आणि विडा द्यायचा. तो घेतला की हंगाम संपेपर्यंत गुळव्या दुसऱ्याच्या काईलीकडं बघत नाही. कागद नाही, सही नाही. दिवाळीच्या सुमाराला चूल पेटायची, शिमगा होऊन गेला की विझायची. मधले पाच महिने आकाराम गुऱ्हाळाचा, आणि उरलेले सात महिने घरच्या एकरभर रानाचा आणि दोन म्हशींचा.

आता बघा, गोष्ट इथंच अडकली, आणि अडकली ती आकारामच्याच डोक्यात.

झालं असं. हायवेला राजवर्धन नावाच्या तिशीतल्या पोरानं गुळाच्या पावडरीचा कारखाना काढला होता. स्टीलच्या चकचकीत कढया, पाक किती तापला ते दाखवणारे काटे, बटनं, सगळं होतं. पावडर तेवढी काळपट येत होती आणि पिशवीत ढेकळं धरत होती. गेल्या मार्चात, जोतीरामची चूल विझल्यावर, त्यानं आकारामला चार दिवसांसाठी बोलावलं. पहिल्या दिवशी काट्यानं सांगितलं, झालं. आकाराम म्हणाला, "अजून न्हाई." दुसऱ्या कढईला काटा म्हणाला, अजून नाही, आणि हा म्हणाला, "आत्ता उतरा, न्हाईतर बोंबला." लागवडीचा ऊस वेगळा, तोडल्यावर पुन्हा फुटलेल्या खोडव्याचा वेगळा, काट्याला बिचाऱ्याला ऊस कुठं कळतोय. चार दिवसांत पावडर अशी पिवळीधमक आली की राजवर्धननं तिचे फोटो काढले.

गणपतीत तो स्वतः कोडोलीला आला. सोप्यात बसला, चिमणाबाईच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडंच या. वर्षाला तीन लाखांचं पॅकेज देतो."

तीन लाख! आकारामला जोतीरामकडं हंगामाला पडायचे एक लाख पंच्याण्णव हजार. त्यानं मनातल्या मनात एक आकडा दुसऱ्यापाशी उभा केला आणि छाती फुगली. एकदम लाखाची वाढ. दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे गेले. कट्ट्यावर माणसं म्हणायला लागली, आकारामनं नशीब काढलं. जोतीरामच्या कानावर गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दसऱ्यापातुर नारळ धरून ठेवतो. घ्यायचा तर घे, न्हाईतर सांग. मला बी माणूस बघाय लागंल."

पेढे पचेपर्यंत महिना गेला. नवरात्र बसलं आणि आकाराम कागद बघायला कारखान्यात गेला. ऑफिसात मोना नावाची मुलगी पगाराचं बघायची, स्वभावानं सरळ. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद पुढं ठेवला. आकारामनं सहीसाठी पेन हातात घेतला आणि सहज, अगदी सहज विचारलं, "शिमगा झाल्यावर गेटाची किल्ली कुणाकडं देऊन जायाची?"

मोनाला कळेना. "किल्ली कशाला, काका?"

"बंद करून जाताना की."

"बंद कुठं होतंय? उसाच्या हंगामात गुळाच्या ढेपा साठवतो आणि पावसाळाभर त्यांची पावडर करतो. बारा महिने चालू असतंय."

आकारामनं पेन खाली ठेवला. बत्तीस वर्षं ह्या माणसाचं कमाईचं वर्ष पाच महिन्यांचं होतं. जोतीरामचं तसंच, गल्लीतल्या प्रत्येक गुऱ्हाळवाल्याचं तसंच. वर्षाला किती म्हटलं की दिवाळी ते शिमगा, दुसरं काही असतं हे डोक्यात शिरलंच नव्हतं. उसाचं काम, मग ऊस संपला की संपलं, एवढं सरळ. राजवर्धननं खोटं काही सांगितलं नव्हतं. त्याचं वर्ष कॅलेंडरचं होतं आणि ह्याचं उसाचं, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. पेढे तेवढे वाटून झाले होते.

"आणि रोज किती तास?" त्यानं हळूच विचारलं.

"बारा. सकाळी आठ ते रात्री आठ. रविवार सुट्टी." मोनानं कागदावर बोट सरकवत नेलं. "तीन लाखांत कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बोनस, विमा, सगळं धरलंय. हातात महिन्याला एकवीस हजार येतील."

तो "येतो परत" म्हणून उठला. मोटरसायकलवर बसला आणि वारणा कॉलनीच्या फाट्यापर्यंत त्याला आपण कुठल्या गिअरमध्ये आहोत हे कळलं नाही. लाज कशाची वाटत होती ते सांगतो. पैसे कमी की जास्त, ते नंतरचं. बत्तीस वर्षं पाकातला एक अंश ओळखणाऱ्या माणसाला आपल्या स्वतःच्या मेहनतीचा भाव माहीत नव्हता, ही लाज. आणि दसरा चार दिवसांवर. नारळ घेतला तर कारखाना हातचा गेला, आणि तिथं म्हातारपणाला पीएफ होता, विमा होता. सही केली तर जोतीरामची काईल गेली, आणि सात महिन्यांचं रानही गेलं. चोपन्न वर्षांच्या वयात चुकीचा पाय पडला तर पुन्हा उचलायला वेळ कुठला होता.

घरी आला तेव्हा चिमणाबाई म्हशीला वैरण टाकत होती. तिनं तोंड बघूनच ओळखलं.

"काय झालं? बुडाली का कंपनी?"

"कंपनी न्हाई बुडाली. मी बुडालो." त्यानं सगळं सांगितलं. गेटाच्या किल्लीचं सांगताना त्याची मान खाली गेली. चिमणाबाईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं, आणि ते त्यानं बघितलं.

"हसतीस काय? बारा म्हैन्यांचं तीन लाख जास्त का पाच म्हैन्यांचं दोन लाख जास्त, सांग बघू."

चिमणाबाई चौथी शिकलेली. पण वीस वर्षं डेअरीत दूध घालणाऱ्या बाईला हिशेबात गंडवून दाखवा बरं. दहा दिवसांचं बिल आलं की ती फॅट, लिटर आणि दर मोबाइलवर पुन्हा मांडून बघते, आणि डेअरीच्या सेक्रेटरीनं एकदा साडेसात रुपये कमी धरले तेव्हा त्यानं ते स्वतः घरी आणून दिले होते.

ती हात धुऊन सोप्यात आली. "अवो, असं कसं कळंल? एकाचं दूध बादलीनं आणि दुसऱ्याचं घागरीनं मोजलं तर कोण जास्त ते कुणाला सांगता येतंय? दोन्ही लिटरावर आणाय लागतंय. तुमचं बी एकाच मापावर आणा."

"माप कुठलं? आधण धरू?"

"कंपनीत आधण न्हाई. म्हैना तिकडं येगळा, इकडं येगळा. दिवस बी येगळा. तास धरा. तास सगळीकडं साठ मिन्टाचाच हाय."

भर दुपारी नवरा-बायको जमिनीवर बसली. आधी जोतीरामकडचं. पहाटे चारला चूल पेटायची, दुपारी चारला काईल धुऊन आकाराम घरी निघायचा. म्हणजे बारा तास. तेवढ्यात पाच आधणं, पाच त्रिक पंधरा, दीड हजार रुपये. आधणं झालेले दिवस हंगामात एकशेतीस. एक लाख पंच्याण्णव हजाराचा आकडा बरोबर आला. तास झाले पंधराशे साठ. चिमणाबाईनं भागाकार केला, मोबाइल त्याच्यापुढं धरला. एकशे पंचवीस.

आकारामनं तो आकडा दोनदा वाचला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्या एका तासाची किंमत दिसत होती, आणि खोटं कशाला सांगू, त्याला ती आवडली.

"आता त्यांचं," चिमणाबाई म्हणाली. महिन्याला सव्वीस दिवस, वर्षाचे तीनशे बारा. रोज बारा तास. तीन हजार सातशे चव्वेचाळीस तास. तीन लाखांना भागलं तर तासाला ऐंशी. हातात येणारे महिन्याचे एकवीस हजार धरले तर सदुसष्ट. पीएफ आपलाच असतो, तो कुठं पळून जात नाही, हे तिनंच वर सांगितलं. तरी ऐंशीच्या वर काही जाईना.

"म्हंजे तीन लाखवाला स्वस्तात मागतोय आणि दोन लाखवाला भाव देतोय," आकाराम म्हणाला. "आणि मी पेढं वाटलं."

"पेढं खाऊन झालं. आता पुढचं बोला. तुमाला जायाचं हाय का न्हाई?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. त्यानं विचार केला. पहाटे तीनला उठणं आता गुडघ्यांना झेपत नव्हतं. पीएफ हवा होता, विमा हवा होता. पण बारा महिने सकाळी आठपासनं रात्री आठपर्यंत तिथंच राहायचं तर रान कोण बघणार? त्याला जायचं होतं, पण आठ तास. आणि सव्वाशेच्या खाली एक पै नको होती.

चिमणाबाईनं तीनशे बाराला आठानं गुणलं. मग सव्वाशेनं गुणलं. मोबाइलवर आकडा आला, तीन लाख बारा हजार.

दोघंही त्याच्याकडं बघत राहिली. राजवर्धन देत होता त्यापेक्षा नुसते बारा हजार जास्त, आणि रोजचे चार तास मोकळे. आकाराम उठला आणि भिंतीला टेकून मोठ्यानं हसला.

खंडेनवमीला तो कारखान्यात गेला. सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, कढयांना हळदीकुंकू, गेटापाशी नारळाच्या शेंड्या. राजवर्धन नेहरू शर्ट घालून प्रसाद वाटत होता. "मामा, आज सही करायची ना?"

"सही करतो की. आधी पाच मिन्टं बसा."

ऑफिसात राजवर्धन, मोना आणि आकाराम, तिघंच. आकारामनं सदऱ्याच्या खिशातनं घडी केलेला कागद काढला. चिमणाबाईनं मोठ्या अक्षरात लिहून दिलेला. त्यानं तो शांतपणे वाचला. जोतीरामकडं तासाला सव्वाशे, तुमच्याकडं ऐंशी. "दादा, तुमी माझ्याशी लबाडी केली असं म्हणत न्हाई. मी बी विचारलं न्हाई. पण जास्त पगारावर बोलवताय म्हणून सगळं गाव मला सांगतंय, आणि हितं तर माझा तास पंचेचाळीस रुपयांनी उतरतोय."

राजवर्धननं मोनाकडं बघितलं. मोनानं कॅल्क्युलेटर काढला, खटाखट बटनं दाबली आणि म्हणाली, "काकांचं बरोबर आहे, सर." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आणि बारा तासांचं तसंही बघायला लागेल. आठाच्या वर ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायला लागतो."

हे आकारामला ठाऊक नव्हतं. त्यानं तोंडावर काही दाखवलं नाही, फक्त पोरीकडं एकदा मायेनं बघितलं.

"तुमचं म्हणणं काय मग?" राजवर्धननं विचारलं.

"आठ तास. तासाला सव्वाशे. वर्षाचे तीन लाख बारा हजार, आणि कंपनीचा पीएफ त्याच्या वर, आतनं न्हाई. आठाच्या पुढं मोनाबाय म्हणत्यात तसं."

राजवर्धन धंदेवाईक पोरगा. तो खुर्चीत मागं रेलला. "मामा, आठ तास दिले. पीएफ पण वरनं दिला. पण आकडा तीन लाखच ठेवू या. त्यातसुद्धा तासाला एकशेवीस पडतात. पाच रुपयांसाठी कशाला ताणायचं?"

आता इथं कुणी दुसरा असता तर मान हलवून मोकळा झाला असता. पीएफ मिळाला, तास मिळाले, सणाचा दिवस, समोर मालक. आकारामचीही जीभ क्षणभर अडखळली. मग तो म्हणाला, "दादा, तुमच्या एका कढईत पावडर किती निघती?"

"एकशेऐंशी किलो."

"आणि भाव?"

"सत्तर रुपये."

"मोनाबाय, गुणा."

"बारा हजार सहाशे," मोना म्हणाली.

"एक कढई करपली की बारा हजार गेलं. मार्चात मी यायच्या आधी एका आठवड्यात किती करपल्या हुत्या?"

मोनानं टेबलावरची एक फाईल उगाचच उघडली आणि बंद केली. शेवटी राजवर्धनच म्हणाला, "सहा."

"मी वर्साला एक वाचवली तर माझं वरचं बारा हजार निघालं. बाकीच्या तुमच्या. आणि जमत नसंल तर राग न्हाई. उद्या दसरा, जोतीरामचा नारळ माझी वाट बघतोय."

राजवर्धन दिलखुलास हसला. "मामा, तुम्हाला पाक बघायला ठेवू की खरेदीला बसवू? मोना, कागद नवीन काढ."

नवीन कागद आला. आकारामनं तो पहिल्या ओळीपासनं शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचला. हुद्द्याच्या जागी 'हेल्पर' होतं. त्यानं ते खोडायला लावलं आणि 'गुळव्या' लिहायला लावलं. संगणकातल्या हुद्द्यांच्या यादीत तो शब्दच नव्हता, म्हणून मोनानं तो पेनानं लिहिला आणि वर शिक्का मारला. मग त्यानं सही केली, आडनावासकट.

दसऱ्याच्या सकाळी तो जोतीरामच्या दारात गेला. नारळ ताटात तयार होता. आकारामनं त्याला हात जोडले आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. जोतीरामचं तोंड उतरलं, पण त्यानं दोस्ताला आत बोलावलं.

"तासाला सव्वाशे देत्यात म्हणं," जोतीराम म्हणाला. "माझ्याकडं किती पडत हुतं रं?"

"तुझ्याकडं बी सव्वाशेच. तू मला कधी कमी दिलं न्हाईस. मलाच म्हाईत नव्हतं."

जोतीरामनं नारळ तिथल्या तिथं फोडला आणि अर्धी वाटी आकारामच्या हातात दिली. दुसरा गुळव्या त्याला आठ दिवसांत मिळाला, आणि त्याला ठरवताना जोतीरामनं आधी तास विचारले, असं कळतं.

दिवाळी झाली आणि हंगाम चालू झाला. आकाराम सकाळी आठला कारखान्यात, दुपारी चारला गेटाबाहेर. कढईवर नजर, बोटांत गोळी, "उतरा." पहिल्या पंधरवड्यात एकही कढई करपली नाही.

मग उसाच्या दराचं आंदोलन पेटलं, दरवर्षी पेटतं तसं. रस्त्यावर ट्रॉल्या अडवल्या. एके दिवशी कारखान्यात उसाचं कांडकं आलं नाही. आकाराम आठला आला, हात धुतले, गार पाण्याची वाटी भरून ठेवली आणि कढईपाशी उभा राहिला. नऊ वाजले. दहा वाजले. अकराला त्याला राहवेना. बत्तीस वर्षं आधण झालं तर पैसा, नाही झालं तर रिकाम्या हातानं घरी, हाच कायदा अंगात मुरलेला. असे फुकट गेलेले दिवस त्यानं आणि चिमणाबाईनं हिशेबात मोजलेसुद्धा नव्हते, कारण त्या दिवसांना किंमतच नव्हती. तो टोपी काढून मोनाच्या टेबलापाशी गेला.

"मोनाबाय, आज काय आधण हुईल असं वाटत न्हाई. माझी हजेरी मांडू नका. मी जातो घरला."

मोनानं मान वर केली. तिला आधी वाटलं, काका चेष्टा करताहेत. मग त्यांचं तोंड बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस खरंच पगार सोडून निघालाय.

"काका, ऊस आला नाही ती कंपनीची अडचण," ती म्हणाली. "तुम्ही वेळेवर आलाय. तुमचा तास चालू आहे."

आकाराम तिथंच उभा राहिला. मग त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. बाहेर येऊन तो थंड कढईशेजारच्या बाकावर बसला आणि त्यानं पाय लांब केले. चहावाला आला तसा त्यानं चहा घेतला आणि घाई न करता, घोट घोट करून, सबंध पंधरा मिनिटं तो पीत राहिला.